ऑटोमॅटिक गाडीची गिअर केबल जुळवताना

लिव्हर ‘डी’वर (ड्राइव्ह) आहे आणि डॅशबोर्ड ‘एन’ (न्यूट्रल) दाखवतोय. किंवा ‘पी’त (पार्क) स्टार्टर ढिम्म, ‘एन’मध्ये मात्र लगेच फिरतो. असं झालं की कुणीतरी हमखास गिअरबॉक्स उघडायचा सल्ला देतं. आधी केबल बघा, म्हणजे गाडीतल्या लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी तार. (बटणाने किंवा फिरत्या चकतीने गिअर बदलणाऱ्या गाडीत बहुधा केबलच नसते, तिथे हे लागू नाही.)

गाडी सपाट जागी, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकांना अडण्या. खाली शिरायचं तर जॅकवर विसंबू नका, स्टँड लावा.

पान्हा हातात घेण्याआधी केबलच्या दोन्ही टोकांचे प्लॅस्टिकचे बुश (पिनवर बसणाऱ्या छोट्या कड्या) तपासा. टोक पिनवर खुळखुळत असेल तर बुश झिजलाय. तो बदला. झिजलेल्या बुशवर केबल कितीही जुळवा, आठवड्यात परत तेच.

आतली लिव्हर तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या जागी ठेवा. काही गाड्यांत ती ‘एन’ असते, काहींत ‘पी’. मग केबलचं टोक गिअरबॉक्सवरच्या आर्मवरून (केबल ज्याला फिरवते तो छोटा दांडा) काढा.

आता खरी गोम. लोक आतली खूण बघून केबल ओढतात आणि नट आवळतात. मीही तेच केलं होतं. गाडी ‘पी’त ठेवून उतरलो आणि ती हळूच मागे सरकायला लागली. खूण ‘पी’ची, गिअरबॉक्स भलतीकडेच. तेव्हापासून माझा नियम एकच: जागा ठरवायची ती गिअरबॉक्सपाशी, हाताने.

आर्म एका टोकापर्यंत ढकला. ते ‘पी’चं टोक आहे ना, याची खात्री इंजिनाचा जोर मिळणारं एकच चाक स्टँडवर उचलून, ते फिरवून करा, अडलं पाहिजे. विरुद्ध टोकाकडून मोजायला लागलात तर सगळंच उलटं. ‘पी’पासून पहिला खटका ‘आर’ (रिव्हर्स), दुसरा ‘एन’. खटका बोटांना स्पष्ट लागतो. आर्म तिथे आपसूक बसतो. आतली लिव्हर ज्या जागी ठेवलीत, त्याच जागी आर्म ठेवा.

मग केबलचं टोक पिनवर आणा. ते न ओढता, न दाबता बसलं पाहिजे. जरासा जरी जोर लागला तर ॲडजस्टर (केबलची लांबी बदलायचा नट) सैल करून लांबी बदला. आवळताना नटाबरोबर आर्मही फिरतो, म्हणून तो दुसऱ्या पान्ह्याने धरून ठेवा. माझं पहिल्यांदा इथेच बिनसलं होतं.

“थोडं इकडे-तिकडे चालतं” म्हणणाऱ्याचं ऐकू नका. आर्म दोन खटक्यांच्या मध्ये राहिला तर गिअरबॉक्सच्या आतला व्हॉल्व्ह अर्धवट उघडतो, तिथल्याच क्लचना तेलाचा पुरता दाब मिळत नाही, क्लच घसरतात आणि जळतात.

गाडी खाली घ्या. ब्रेक दाबून प्रत्येक जागी चावी फिरवा: स्टार्टर फक्त ‘पी’ आणि ‘एन’मध्ये फिरायला हवा. ‘आर’मध्ये मागचा पांढरा दिवा लागायला हवा. मग हलक्या उतारावर, एक माणूस ब्रेकवर बसवून, ‘पी’त हँडब्रेक सोडा. किंचित हलून गाडी थांबली की झालं.

खटके बरोबर, ‘पी’ घट्ट, तरी स्टार्टर ‘डी’मध्ये फिरतोय? मग दोष बहुधा गिअरबॉक्सवरच्या स्विचचा, जो फक्त ‘पी’ आणि ‘एन’मध्ये स्टार्टर फिरू देतो. तो वेगळा जुळवावा लागतो. त्यासाठी केबल पुन्हा हलवू नका, आणि तोवर गाडी रस्त्यावर काढू नका.