सोळा इंची हौस आणि माझी कंबर

गाडीला मूळचे १६५/८० आर १४ टायर होते (रुंदी १६५ मिमी, रबराची भिंत रुंदीच्या ८० टक्के, रिम १४ इंची). हौसेने अलॉय, म्हणजे मिश्रधातूच्या रिम, आणि त्यावर १९५/५५ आर १६ टायर बसवले. गाडी दिसायला झकास, पण पुण्यातले स्पीडब्रेकर थेट कण्यात जाणवायला लागले. आईने तर मागे बसायचंच सोडलं.

मला आधी शॉकअपवर संशय. मेकॅनिकने खाली वाकून पाहिलं, गळती नाही, बुश (सांध्यातले रबर) ठीक. मग घरी बसून हिशेब केला. जुन्या टायरच्या रबराची भिंत १३२ मिमी, नव्याची जेमतेम १०७. चाकाची एकूण उंची जवळपास तेवढीच, म्हणजे स्पीडोमीटर बरोबर. पण धक्का पिणारी हवेची गादीच अडीच सेंटीमीटरने गेली! त्यात हवा भरली होती ४० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), म्हणजे टायर आणखी कडक. दुकानदार म्हणाला होता, "अ‍ॅव्हरेज वाढेल, दादा."

सकाळी टायर थंड असताना हवा ३३ वर आणली. निम्मा त्रास तिथेच गेला. (त्याहून खाली नेली नाही, खड्ड्यात रिम वाकायची भीती.)

उरलेल्यासाठी शेवटी मन घट्ट करून अलॉय विकले आणि १५ इंची रिमवर १८५/६५ घेतले. भिंत १२० मिमी. पैशांचा चुराडा झाला खरा, पण आई परत मागे बसते.