कुमारांसाठी क्रीडाकादंबरी लिहिताय? या चुका टाळा

खेळावरच्या कुमार कादंबरीच्या पहिल्या खर्ड्यात एक पान ठरलेलं असतं. नायिका चषक उचलते, माइकसमोर डोळे पुसते आणि म्हणते, "मी काहीच नाही, हे सगळं सरांमुळे." लेखकाला वाटतं, झाली नम्र. चौदा वर्षांच्या वाचकाला ते स्नेहसंमेलनातलं भाषण वाटतं आणि तो सरळ पुढची चार पानं उलटतो.

नम्रता बोलून दाखवण्याची ही चूक सगळ्यांत जुनाट. खो-खोवरच्या एका हस्तलिखितात तिनं कहर केला होता. नायिका पेठ तालुक्यातली, अंतिम सामना नाशिकला. ती एकटीच तिन्ही गडी पाठलाग करून मारते आणि मग दीड पान आभार मानते. दोन्ही दोषांचं मूळ एकच: लिहिणाऱ्यानं नियम वाचले नव्हते. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ जण मधल्या पट्टीत ओळीनं बसतात, नववा पाठलाग करतो. त्याला मधली रेषा ओलांडता येत नाही. एकदा धरलेली दिशा खांब येईपर्यंत बदलता येत नाही. बचाव करणारा गडी मात्र बसलेल्यांच्या मधून आरपार निसटतो. त्यामुळे हातभर अंतरावरचा गडी सोडून खो द्यायचा आणि स्वतः त्याच जागी खाली बसायचं, हेच या खेळात सतत करावं लागतं. बाद करते भलतीच.

दुरुस्ती करताना आभाराचं दीड पान सरळ कापलं. एकटीच्या धावेऐवजी एकच खो आला. गडी आता हाती लागलाच असं नायिकेला वाटतं, तो आत वळतो, ती मोह आवरून खो देते आणि बसते. गुणपत्रकात नाव लागतं ते नायिकेचं जिच्याशी पटत नाही त्या मुलीचं. नायिका त्यावर काहीही बोलत नाही. प्रकरण निम्म्यानं लहान झालं आणि वाचण्याजोगं झालं.

सवय म्हणून एवढं करा: खर्डा पूर्ण झाला की 'नम्रपणे', 'विनयानं', 'जराही गर्व न करता' हे शब्द शोधून खोडा. ते गेल्यावर प्रसंगात काहीच उरत नसेल तर प्रसंगच नव्यानं लिहा. त्यासाठी साहित्य मैदानावर मिळतं. सराव संपल्यावर फक्की कोण मारतं, पाणी कोण शिंपडतं, लहान मुलांना पहिल्यांदा पळायला कोण देतं, हे कुठल्याही शाळेच्या मैदानावर आठवडाभर बघा. मोबाइलवर दोन सामने पाहून कादंबरीला बसणाऱ्यांना हे कंटाळवाणं वाटतं, आणि त्यांच्या लिखाणात ते कळतंही.

दुसरी लाडकी चूक म्हणजे आदर्श खेळाडूला देव्हाऱ्यात बसवणं. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा रोइंगपटू, म्हणजे नावेच्या शर्यतीत वल्हं मारणारा, दत्तू भोकनळ घ्या. त्याच्यावर बेतलेलं पात्र लिहायचं म्हटलं की गरिबी, जिद्द, पदक अशी तीन पायऱ्यांची शिडी तयार असते. खरी सामग्री त्या पायऱ्यांच्या मध्ये आहे. वल्हं हाती आलं ते सैन्यात गेल्यावर, म्हणजे वयानं उशिरा. रिओ २०१६ मध्ये एकेरीत तेरावा क्रमांक. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत एकेरीच्या अंतिम शर्यतीत शेवटचा, आणि दुसऱ्याच दिवशी चौघांच्या नावेत सुवर्ण. ती मधली एक रात्र सोडून फक्त सुवर्ण लिहिणाऱ्यानं कादंबरीच फेकून दिली. शेवटून पहिला आलेला माणूस सकाळी उठून इतर तिघांच्या लयीत वल्हं मारतो, यापेक्षा विनय वेगळा काय दाखवायचा?

जिवंत खेळाडूचं खरं नाव मात्र पात्राला देऊ नका. प्रेरणा घ्या, गाव बदला, खेळही बदलला तर उत्तमच.

उर्मट श्रीमंत प्रतिस्पर्धी हा आळस आहे. सावरपाड्याच्या धावपटू कविता राऊतला २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये रौप्य मिळालं. सुवर्ण भारताच्याच प्रीजा श्रीधरनचं. २५ फेऱ्या पळून दोघींत फरक सेकंदभराचा. कटुता घालायची तर अशा ठिकाणी घाला, खलनायक लागणारच नाही.

प्रशिक्षकानं उपदेश करू नये. त्यानं वेळ मोजावी, बूट तपासावेत, दुखऱ्या पायाला विश्रांती द्यावी.

गुडघ्याचं लिगामेंट तुटलेला नायक पुढच्या प्रकरणात पळत नाही. शस्त्रक्रिया झाली तर स्पर्धेत परतायला साधारण नऊ महिने ते वर्ष. हा काळ कापू नका. कप्तान असलेला नायक बाकावर बसून पाण्याच्या बाटल्या भरतो ते त्याच काळात.

बारीकसारीक तपासणी: कबड्डीची चढाई ३० सेकंदांची, त्यात दोन पानांचं मनोगत मावत नाही. रोइंगची शर्यत २००० मीटर आणि वल्हवणारा शेवटच्या रेषेकडे पाठ करून बसतो. त्यामुळे पुढे असलेल्याला सगळे प्रतिस्पर्धी समोर दिसतात आणि मागे पडलेल्याला कुणीच दिसत नाही. 'त्यानं मागे वळून पाहिलं तर सगळे लांब राहिले होते' हे वाक्य नावेत चालणार नाही.