'एक नंबर आहे मॅडम': चालकांसोबत गाडीतली स्क्रीन तपासताना या चुका टाळा

गेली नऊ वर्षं मी पुण्यात गाड्यांच्या डॅशबोर्डवरच्या स्क्रीनचं युजर रिसर्च करते, म्हणजे त्या स्क्रीन लोक प्रत्यक्षात कशा वापरतात ते तपासते. त्यातलं निम्म्याहून जास्त काम गाडी चालवून पोट भरणाऱ्यांसोबतचं. ॲपच्या कॅबवाले, हिंजवडीतल्या कर्मचाऱ्यांची ने-आण करणारे, चाकणचे टेम्पोवाले. दरवर्षी या कामात नवी मुलंमुली येतात, हुशार असतात आणि नेमाने त्याच चुका करतात. त्यातल्या दोन चुकांनी माझं डोकं जास्त उठतं, कारण त्या मी स्वतः करून बसले आहे. म्हणून त्यांच्यावरच जास्त लिहिते.

'आवडलं का?' असं विचारणं

आम्ही बाणेरच्या एका ऑफिसात बारा चालक बोलावले होते. एसी, चहा, बिस्किटं, टेबलावर स्टँडला लावलेली मोठी स्क्रीन. ब्लूटूथ जोडा, कॉल उचला, गाणं बदला, नकाशा उघडा. सगळ्यांनी सगळं केलं. शेवटी मी विचारलं, "कसं वाटलं?" बाराच्या बारा जणांचं एकच उत्तर: "एक नंबर आहे मॅडम." मी रिपोर्ट लिहिला, क्लायंट खूश झाला, मीही खूश झाले.

दोन आठवड्यांनी त्याच बारांपैकी एकासोबत पहाटे साडेचारला हिंजवडीहून लोहगाव विमानतळापर्यंत गेले. गाडीत तशीच स्क्रीन होती, पण बंद. वरच्या अर्ध्या भागावर मोबाइलचा होल्डर, खाली डॅशबोर्डवर गणपती, गणपतीला झेंडूची माळ, आणि माळेचं टोक बरोबर आमच्या लाडक्या होम बटणावर. दुसरा फोन मांडीवर, दुसऱ्या ॲपसाठी.

विमानतळावर गाडी लावल्यावर विचारलं, "हे बंद का ठेवता?" वाकडपर्यंत मी 'मॅडम' होते, तोवर 'ताई' झाले होते, म्हणून खरं उत्तर मिळालं. "ताई, मागं साहेब बसलेले असतात. घरून फोन आला की सगळ्या गाडीत ऐकू जातं. सिलिंडर संपला, पोराची फी राहिली, सगळं साहेबांना कळतं. आणि मालकाचा फोन आला तर? तो शिव्यांशिवाय बोलतच नाही." शिवाय गाडी मालकाची आणि तीवर चालक दोन, एक दिवसाचा, एक रात्रीचा. स्क्रीनला आधी जोडलेला फोन मालकाचा. सेटिंगला हात लावला आणि काही बिघडलं तर पगारातून कापणार, म्हणून कोणी हातच लावत नाही.

बाणेरच्या खोलीत यातलं काहीच नव्हतं. मागे साहेब नव्हते, मालक नव्हता, दुसरा फोन मी स्वतःच बाजूला ठेवायला लावला होता. आणि पाकिटातून मानधन देणाऱ्या बाईला 'तुमचं यंत्र आमच्या कामाचं नाही' असं तोंडावर सांगण्याइतका उद्धट चालक मला अजून भेटायचाय. तो रिपोर्ट मी मागे घेतला. क्लायंटला ते आवडलं नाही.

तेव्हापासून 'आवडलं का' हे शब्द मी बंद केले. त्याऐवजी म्हणते, "शेवटचा हात कधी लावलात? काय करायला? दाखवा बरं." आणि त्यांनी काही दाखवायच्या आत तीन गोष्टी बघून घेते: भाषा कुठली लावली आहे, ब्लूटूथच्या यादीत कोणाकोणाचे फोन आहेत, आणि आवाज कितीवर आहे. मराठी बोलणाऱ्या माणसाची स्क्रीन इंग्रजीत, यादीत चार अनोळखी फोन, आवाज शून्यावर. एवढं दिसलं की निम्मी मुलाखत तिथेच झाली. ऑफिसातच करायची वेळ आली तर निदान मागच्या खुर्चीवर कोणाला तरी साहेब म्हणून बसवा आणि मध्येच चालकाच्या घरून फोन येऊ द्या. बघा मग हात कुठे जातो ते.

गाडी चालू असताना प्रश्न विचारणं

'मनात जे येतंय ते मोठ्याने बोलत राहा' ही पद्धत सगळ्यांना शिकवलेली असते. मोबाइलचं ॲप तपासताना ठीक आहे. साठच्या वेगाने चाललेल्या गाडीत ती वापरणाऱ्याला मी आधी खाली उतरवते.

हेही अनुभवाने. महामार्गाने बाणेरकडून कोथरूडला चाललो होतो. खरी ट्रिप, मागे खरा पॅसेंजर, त्याची परवानगी घेतलेली. 2023 मध्ये चांदणी चौकातला नवा पूल सुरू झाला. कुठला रॅम्प मुळशीकडे जातो आणि कुठला कोथरूडला उतरतो, याचा रोज जाणाऱ्यालाही तिथे क्षणभर विचार करावा लागतो. नेमक्या त्या क्षणी मी तोंड उघडलं: "आत्ता स्क्रीनकडे बघितलंत, ते काय शोधत होतात?" चालक सज्जन, उत्तर देऊ लागला. फाटा गेला. सरळ वारज्यापर्यंत जाऊन परत फिरावं लागलं. पॅसेंजर तोंडाने काही बोलला नाही, उतरल्यावर एक स्टार देऊन गेला. वाया गेलेल्या वेळेचे आणि गॅसचे पैसे मी दिले. रेटिंग काही मला देता आलं नाही.

हिशोब साधा आहे. साठच्या वेगाने गाडी दोन सेकंदांत जवळजवळ 33 मीटर जाते. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या 2013 च्या मार्गदर्शक सूचनांत म्हणूनच एका नजरेला 2 सेकंद आणि अख्ख्या कामाला मिळून 12 सेकंद अशी मर्यादा सुचवली आहे. आपण स्क्रीनला या फुटपट्टीने मोजतो आणि स्वतः शेजारी बसून दहा-दहा सेकंद डोकं खातो.

माझी सवय सांगते. चाकं फिरताहेत तोवर तोंड बंद. मांडीवर छोटी वही, तिच्यात तीन रकाने: वेळ, जागा, हात. '8.42, राजाराम पूल, उजवा हात फोनवर, स्क्रीनवर नाही.' एवढंच. प्रश्न नंतर, गाडी उभी राहिली की. आणि पुण्यात गाडी उभी राहण्याची सगळ्यात चांगली जागा म्हणजे सीएनजीची रांग. एरवी पाच मिनिटं न मिळणारा माणूस तिथे अर्धा तास आपला असतो, इंजिन बंद, दार उघडं, बोलायला शेजारचे चार जण. माझ्या कामातले सगळ्यात चांगले शोध त्या रांगेत लागलेत, एसी खोलीत एकही नाही. नंबर जवळ आला की मात्र आवरतं घ्या. पंपापाशी फोन बाहेर काढलात तर तिथला माणूस ओरडेल, आणि त्याचं बरोबरच आहे. म्हणून वही.

आता बाकीच्या, भराभर.

मागच्या सीटवर बसू नका. मागे बसलात की तुम्ही गिऱ्हाईक. तो एसी वाढवणार, गाणं बदलणार, घरचा फोन कट करणार. पुढे बसा, खाली वाका, गप्प राहा.

'पाच जणांवर चाचणी पुरते' हे वाक्य मला पुन्हा ऐकवू नका. पाच कोण? ॲपचा कॅबवाला, कंपनीच्या बसचा चालक, शाळेची व्हॅन चालवणारे काका, ट्रकवाला आणि बंगल्यावरचा ड्रायव्हर हे पाच जण म्हणजे पाच वेगळी कामं. प्रत्येक प्रकारातला एकेक उचलून 'पाच झाले' म्हणणं हा आळस आहे.

स्टॉपवॉच लावून 'काम 9 सेकंदांत झालं' असं लिहू नका. ते नऊ सेकंद त्याने एका दमात स्क्रीनकडे बघितलं की सहा वेळा चोरून बघितलं, हा प्रश्न आहे. मी व्हिडिओ लावून फ्रेम मोजते. सेकंदाला 25 फ्रेम असतील तर सलग 50 च्या वर नजर खिळली की लाल खूण. कंटाळवाणं काम आहे. कंटाळा येत असेल तर दुसरं काम बघा.

संध्याकाळी सहा ते दहा बोलावू नका, ती कमाईची वेळ. मानधन आधी द्या, शेवटी नाही. शेवटी दिलं की सगळं 'एक नंबर' होतं.

चेहऱ्यावर कॅमेरा लावायचा असेल तर रेकॉर्डिंग कोण बघणार हे मराठीत, तोंडी सांगा. आधीच गाडीला जीपीएस लावून मालक कुठून कुठे ते बघत असतो. तुम्ही त्याचीच माणसं वाटता. आणि रिपोर्टमध्ये गाडीचा नंबर कधीही नको. 2020 पासून नियमात मोबाइल हाताळायला मुभा आहे ती फक्त नकाशावर रस्ता बघण्यापुरती. तुमच्या विश्वासावर कोणी मांडीवरचा दुसरा फोन दाखवला असेल, तर त्याची पावती त्याच्या नावाने फाटायला नको.

पावसाळ्यात एकदा तरी तपासा. पॅसेंजरची बॅग डिकीत टाकून आलेल्या ओल्या बोटाला ती स्क्रीन दाद देत नाही. आणि दुपारी बाराला, उन्हात.

आवाजी कमांड तपासताना इंग्रजी यादीचं भाषांतर नेऊ नका. 'शिवाजीनगर येथे जाण्याचा मार्ग दाखवा' असं पुण्यात कोणी बोलत नाही. इथले पत्ते नळ स्टॉप, पासोड्या विठोबा, भिकारदास मारुती, खुन्या मुरलीधर असे. चालकाला फक्त एवढंच सांगा, "कालचं शेवटचं भाडं कुठलं होतं? तिथे न्यायला सांगा हिला." मी असं सांगितलं तेव्हा एक चालक ऐटीत म्हणाला, "डुल्या मारुती." स्क्रीनने दोन क्षण विचार केला आणि त्याच्या संपर्कांतल्या 'मारुती गॅरेज'ला फोन लावला. गॅरेजवाल्याने लगेच उचलला. पुढची तीन मिनिटं दोघं क्लचप्लेटच्या उधारीवर भांडले, अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात, आणि मागच्या सीटवर साहेब म्हणून बसवलेला आमचा इंटर्न खिडकीबाहेर बघत राहिला.