भंगारातले ईव्ही पार्ट घेताना: मोटर पटकन मिळते, बॅटरी पारखावी लागते

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी भांडायला येणार नाही. भंगारातली मोटर-बॅटरी आणून स्वतः इलेक्ट्रिक केलेली गाडी ठाण्याच्या (एमएच-०४) किंवा वाशीच्या (एमएच-४३) आरटीओत पास होत नाही. रस्त्यावर चालवायची असेल तर एआयएस-१२३ (जुनी गाडी इलेक्ट्रिक करणाऱ्या किटसाठीचं सरकारी मानक) प्रमाणे मान्यता मिळालेलं किटच लागतं, आणि तेही अधिकृत माणसाकडून बसवलेलं. ‘एजंट करून देतो’ म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. मुरबाड-कर्जतकडे शेत असेल, कारखान्याच्या आवारात माल ओढायचा असेल किंवा कॉलेजचा प्रोजेक्ट असेल, तरच पुढे वाचा.

व्होल्टेज आधी ठरवा

टाटा नेक्सॉन ईव्हीची मोटर स्वस्तात मिळाली म्हणून उचलून आणणारे बरेच भेटतात. ती सुमारे ३२० व्होल्टची यंत्रणा आहे. गाडीच्या कॉम्प्युटरकडून कॅनवर (गाडीतल्या यंत्रांना जोडणाऱ्या संदेशाच्या तारांवर) योग्य मेसेज आल्याशिवाय इन्व्हर्टर (बॅटरीचा डीसी मोटरसाठी एसी करणारा डबा) मोटर हलवत नाही, आणि एवढा डीसी व्होल्टेज चुकीला माफी देत नाही. पहिल्यांदाच करणाऱ्याने ७२ व्होल्टमध्येच राहावं. महिंद्राची ई-व्हेरिटो आणि टॅक्सीसाठी निघालेली सुरुवातीची टिगॉर ईव्ही ७२ व्होल्टच्या आहेत, आणि दोन्हींत साधी थ्री-फेज इंडक्शन मोटर आहे. एलएफपीचे (लिथियम आयर्न फॉस्फेटचे) २४ सेल सिरीजमध्ये जोडले की ७६.८ व्होल्ट होतात, फुल चार्जला ८७.६. कंट्रोलरची (मोटर चालवणाऱ्या डब्याची) कमाल मर्यादा त्याच्या वर हवी. प्लेटवर ‘७२’ लिहिलंय एवढ्यावर समाधान मानू नका.

माल कुठे मिळतो

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस धरते. ईव्हीत बॅटरीच इतकी महाग असते की खालून दगड लागून पॅकला पोचा आला तरी धडधाकट गाडी लिलावात जाते. लिलावातून डीलरकडे, तिथून सुटे भाग शिळफाटा-डायघरच्या गोडाऊनमध्ये किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर. खालून मार लागलेल्या गाडीची मोटर चांगली निघते, पुढून ठोकलेलीची बॅटरी. एकाच गाडीतून दोन्ही मिळवायचा हट्ट नको.

मोटर, कंट्रोलर आणि त्यांच्यामधली वायरिंग एकत्रच घ्या. गोडाऊनवाल्याला आधी फोन करून सांगा, ‘भाई, वायर कापू नका, तांब्याचा भाव मी देतो.’ नाहीतर तुम्ही पोचेपर्यंत कनेक्टरच्या मुळाशी कटर फिरलेला असतो, आणि तसा कनेक्टर सुटा मिळता मिळत नाही. डीसी-डीसी कन्व्हर्टर (पॅकच्या व्होल्टेजपासून १२ व्होल्ट बनवणारा) पॅकच्या व्होल्टेजवर, ब्रेकचा व्हॅक्यूम पंप १२ व्होल्टवर आणि चार्जर प्लगला लावून चालतात का बघा आणि घ्या. कॉन्टॅक्टर (बॅटरी जोडणारा-तोडणारा मोठा रिले) टक् वाजतो म्हणजे बरा असं नाही. सप्लाय काढल्यावर संपर्क सुटतो का ते मापा.

बॅटरी

इथे मी बराच काळ चाचपडलोय, म्हणून सविस्तर सांगतो.

गोडाऊनवाला मल्टिमीटर लावून दाखवतो, ‘बघा साहेब, तीन पॉइंट दोन नऊ, एकदम नवीन.’ एलएफपी सेलचा व्होल्टेज साधारण २० ते ८० टक्के चार्जपर्यंत ३.२ ते ३.३ च्या आसपास पडून असतो. नव्या सेलवर ३.२९ दिसतो आणि अर्धी क्षमता गेलेल्या सेलवरही ३.२९ च दिसतो. त्या आकड्यावर पैसे देणं म्हणजे आंबा नुसता रंग बघून घेणं.

माझ्या पिशवीत एका फळीवर हेडलाइटचे ५५ वॉटचे चार बल्ब समांतर जोडलेले असतात. चार सेलच्या सिरीज मॉड्यूलला (एकत्र बांधलेल्या सेलच्या गठ्ठ्याला) लावले की साधारण १८ अँपिअर ओढतात. पाच मिनिटं जळू द्यायचे आणि लोड चालू असतानाच एकेका सेलवर मीटर धरायचा. तीन सेल ३.२६ वर आणि चौथा ३.१८ वर आला, तर त्या चौथ्याचा अंतर्गत रोध वाढलाय. मॉड्यूल बाजूला ठेवा. गोडाऊनवाला म्हणेल, ‘चार्ज केल्यावर बरोबर होईल.’ होत नाही.

दुसरी चलाखी यापेक्षा वाईट. महिनोन्‌महिने पडून २ व्होल्टच्या खाली गेलेल्या सेलला चार्जरचा झटका देऊन उभं करतात. इतक्या खाली गेल्यावर आतलं तांबं विरघळायला लागतं, आणि पुन्हा चार्ज करताना नको तिथे बसून आतून शॉर्ट करू शकतं. असा सेल त्या दिवशी ठणठणीत दिसतो. म्हणून पहिल्या फेरीत पैसे काढूच नका. प्रत्येक सेलचं रीडिंग मार्करने त्याच्यावरच लिहा, आणि चार-पाच दिवसांनी परत मापा. लोड नसताना एखादा सेल भावंडांपेक्षा खाली घसरला असेल तर तो गेला. दोन रीडिंगमध्ये चार्जर लावू दिला नाही म्हणून गोडाऊनवाला चिडला, तर समजायचं ते समजा.

पावसाळ्यानंतर येणाऱ्या पॅकचं झाकण उघडून बघितल्याशिवाय सौदा नको. कडेला चिखलाची रेघ, बसबारवर (सेल जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर) हिरवा-पांढरा थर, कनेक्टरच्या पिनांवर गंज, यातलं एक जरी दिसलं तरी फुकटसुद्धा नेऊ नका. आपल्याकडे तुंबलेल्या पाण्यात खाडीचं खारं पाणी मिसळलेलं असू शकतं, आणि मीठ आत गेलं की पॅक वाळवूनही सुधरत नाही. फुगलेला सेलही नको. वेगवेगळ्या गाड्यांची मॉड्यूल एका सिरीजमध्ये घालू नका. सगळ्यात कमजोर सेल जिथे थांबतो तिथे अख्खा पॅक थांबतो.

सौदा करताना बोली स्पष्ट ठेवा: थोडी रक्कम आगाऊ, बाकी टेस्टनंतर, नापास मॉड्यूल परत. घरी प्रत्येक सेल ३.६५ पर्यंत चार्ज करा आणि २० अँपिअरने २.५ व्होल्टपर्यंत उतरवून अँपिअर-अवर मोजा. १०० अँपिअर-अवरच्या सेलला पाच तास लागतात. घाई असेल तर नवीन सेल विकत घ्या. छापील क्षमतेच्या ८० टक्क्यांखालचा सेल मी गाडीत घालत नाही. घरचा इन्व्हर्टर चालवायला तो पुरतो.

अख्खा ३२० व्होल्टचा पॅक सोडवायची वेळ आली तर एकट्याने करू नका. सर्व्हिस प्लग (पॅकची वीज मधून तोडणारा प्लग) काढल्यावर पॅक मेला असं वाटतं, पण आतली मॉड्यूल जिवंतच असतात. हाय-व्होल्टेजचे रबरी हातमोजे, इन्सुलेटेड पाने, आणि हातात अंगठी-कडं काही नको. ७२ व्होल्टवरही दोन टर्मिनलवर पाना पडला तर तो वितळतो.

कागद

जीएसटी बिल घ्या, त्यावर मूळ गाडीचा चेसिस नंबर लिहून घ्या. गाडी टोटल लॉस झाल्याचा कागद मागा. ‘बिलाशिवाय स्वस्त’ माल चोरीचा निघाला तर पोलीस गोडाऊनवाल्याला नंतर शोधतील, तुम्हाला आधी.

मॉड्यूल सोसायटीच्या मीटर रूममध्ये किंवा जिन्याखाली ठेवू नका. वागळे इस्टेट किंवा रबाळ्याला ओळखीच्या गाळ्यात, लाकूड-पुठ्ठ्यापासून लांब, अर्धे चार्ज करून ठेवा. नापास सेल ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका आणि गल्लीतल्या भंगारवाल्यालाही देऊ नका. बॅटरी वेस्ट नियम २०२२ प्रमाणे ते नोंदणीकृत रिसायकलरकडेच जायला हवेत, आणि देण्याआधी टर्मिनलवर टेप लावा.