कुत्र्याला घेऊन आरव्हीने टीटन ते ग्लेशियर : बेत कसा आखावा

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना आरव्हीची, म्हणजे चाकांवरच्या घराची, सहल आता नवीन राहिलेली नाही. स्वयंपाकघर सोबत, न्हाणीघर सोबत, भारतातून आलेल्या आई-बाबांना दुपारी आडवं व्हायला पलंगही सोबत. मग घरातला कुत्रा तरी मागे का ठेवायचा? डोंगर आणि तलाव म्हटलं की वायोमिंग आणि मोंटानाकडे नजर वळते. ग्रँड टीटन, यलोस्टोन, ग्लेशियर ही तीन नावं कागदावर उतरतात आणि घोळ तिथेच सुरू होतो, कारण या तिन्ही राष्ट्रीय उद्यानांत कुत्र्याला पायवाटांवर बंदी आहे.

म्हणून बेत उलट्या बाजूने आखायचा. उद्यानं गाडीतून बघायची. मुक्काम आणि चालणं जमेल तितकं शेजारच्या राष्ट्रीय वनांत करायचं. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

पायरी १ : उद्यान कुठे संपतं आणि वन कुठे सुरू होतं ते बघा

नॅशनल पार्क आणि नॅशनल फॉरेस्ट ही दोन वेगळी खाती आहेत आणि त्यांचे नियमही वेगळे. यलोस्टोनमध्ये रस्ता, वाहनतळ किंवा कॅम्पग्राउंडपासून १०० फुटांच्या आतच कुत्र्याला नेता येतं. लाकडी पदपथ, गरम झऱ्यांचा परिसर आणि पायवाटा पूर्ण बंद. ग्रँड टीटनमध्ये हीच मर्यादा रस्त्यापासून ३० फुटांची आहे. थोडक्यात, जिथे मोटार जाते तिथेच कुत्रा. ग्लेशियरमध्येही पायवाटा बंद, पण जिथे मोटरबोटी चालतात त्या तलावांवर त्याला बोटीत बसवता येतं. तिन्हीकडे दोरी जास्तीत जास्त ६ फुटांची. लांबणारी, गुंडाळणारी दोरी घरीच ठेवा.

याउलट वनखात्याच्या बहुतेक पायवाटांवर कुत्रा चालतो. जॅक्सन गावाला लागून ब्रिजर-टीटन वनातली कॅश क्रीकची वाट आहे. सकाळी तिथे माणसांपेक्षा कुत्रीच जास्त भेटतील. सुरुवातीला गाडी लावायची जागा तोकडी आहे, तेव्हा आरव्ही गावातच ठेवून चालत जा. यलोस्टोनच्या पश्चिमेला कस्टर गॅलटिन वनात हेब्गेन तलाव आहे. तिथून थोडं पुढे क्वेक लेक लागतो. १७ ऑगस्ट १९५९ च्या रात्री भूकंपाने डोंगराचा कडा कोसळून नदी अडली आणि हा तलाव तयार झाला. पाण्यातून वर आलेले वठलेले झाडांचे बुंधे अजून दिसतात. ग्लेशियरजवळ फ्लॅटहेड वनात हंग्री हॉर्स जलाशय आहे. उद्यानात गर्दीने जीव नकोसा झाला की हा जलाशय फारच बरा वाटतो.

पायरी २ : गाडीची लांबी आधी ठरवा

भाड्याने घेताना सहा जण झोपतील अशी मोठी गाडी घ्यायचा मोह होतो. पण ग्लेशियरच्या गोइंग-टू-द-सन रस्त्यावर ॲव्हलांच क्रीक ते रायझिंग सन या डोंगरी टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब किंवा ८ फुटांपेक्षा रुंद गाडीला परवानगी नाही. लांबीत बंपर धरतात, रुंदीत आरसे. साधी २५ फुटी सी-क्लास, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली मधल्या आकाराची आरव्ही, इथेच बाद झाली. छोटी कॅम्पर व्हॅन बसू शकते, पण उंची १० फुटांवर असेल तर कड्याखालून जाताना अडचण येते. उद्यानाची शटल आणि लाल बसगाड्या हा एरवीचा उपाय, मात्र तिथे पाळीव कुत्र्यांना घेत नाहीत.

मोठी गाडी असेल तर दोन मार्ग उरतात. एक म्हणजे व्हाइटफिश किंवा कोलंबिया फॉल्सच्या बाजूला दिवसभरासाठी कुत्र्याची सोय करून लोगन पास या त्याच रस्त्यावरच्या खिंडीला शटलने जाणे. दुसरा म्हणजे उद्यानाला दक्षिणेकडून वळसा घालणारा यूएस-२ महामार्ग धरणे. तो मारियास खिंडीतून जातो, उंची ५,२१३ फूट, आणि आरव्हीला अगदी सोयीचा आहे. कुत्रा सोबत असेल तर मी दुसराच सुचवेन. ग्रँड टीटनमधल्या मूस-विल्सन रस्त्यावरही आरव्हीला बंदी आहे. जीपीएस तुम्हाला खुशाल तिकडे वळवेल, ऐकू नका.

गाडीमालकाकडून कुत्र्याची परवानगी लेखी घ्या. केस, वास आणि ओरखडे यांचे पैसे कसे कापणार हेही आधीच विचारा.

पायरी ३ : वीज असलेली जागा आरक्षित करा

जुलै-ऑगस्टमध्ये आयत्या वेळी जागा मिळेल अशी आशा धरू नका. ग्रँड टीटनची कॅम्पग्राउंडं आणि वनखात्याची बरीचशी ठिकाणं रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर सहा महिने आधी खुली होतात. यलोस्टोनमधल्या हॉटेल-कॅम्पग्राउंडवाल्या ठेकेदाराकडे त्याहीपेक्षा कितीतरी आधी नंबर लावावा लागतो. वीज, पाणी आणि सांडपाणी असा पूर्ण हूकअप यलोस्टोनमध्ये फक्त फिशिंग ब्रिज आरव्ही पार्कमध्ये मिळतो. तिथे अस्वलांमुळे तंबू चालत नाहीत, टणक भिंतींच्या गाड्याच घेतात. टीटनमध्ये कोल्टर बेला पूर्ण हूकअप आहे.

विजेवर एवढा भर का, ते पाचव्या पायरीत येईल.

पायरी ४ : कुत्र्याला महिनाभर आधी तयार करा

पशुवैद्याकडे जाऊन रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र कागदावर घ्या, फोनमधला फोटो पुरत नाही. लेप्टोस्पायरोसिसची लस आणि गोचिडांचं औषध यांचंही विचारा. या डोंगरांत वसंतापासून भर उन्हाळ्यापर्यंत गोचिडांचा सुळसुळाट असतो. गळ्यातल्या बिल्ल्यावर प्रवासात लागणारा फोन नंबर हवा, घरच्या लँडलाइनचा नको. ग्लेशियरहून कॅनडातल्या वॉटर्टनला जायचा विचार असेल तर परतताना कुत्र्यासाठी अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेचा आयात अर्ज आधी भरलेला लागतो.

गाडी हाती आली की पहिली रात्र घरासमोरच काढा. जनरेटरची घरघर, पाण्याच्या पंपाचा अचानक येणारा आवाज आणि पायाखाली हलणारी जमीन यांची ओळख त्याला घराच्या अंगणात झालेली बरी. चालत्या गाडीत त्याला मोकळं सोडायचं नाही. छातीचा पट्टा सीटबेल्टला अडकवा, नाहीतर पिंजरा पक्का बांधा. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या पलंगावर तर मुळीच नाही. जॅक्सनहून आइडाहोकडे उतरणाऱ्या टीटन पासचा उतार १० टक्के आहे. तिथे ब्रेकवर पाय दाबून न धरता आधीच खालचा गिअर टाका. नाहीतर ब्रेक तापतील आणि मोकळा कुत्रा थेट डॅशबोर्डवर येईल.

उंचीचाही विचार करा. यलोस्टोन तलाव ७,७३३ फुटांवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या शिखराहून दोन हजारांवर फूट उंच. म्हाताऱ्या किंवा चपट्या नाकाच्या कुत्र्याला पहिले दोन दिवस फक्त लघवीपुरतं फिरवा आणि पाणी वारंवार द्या.

पायरी ५ : गाडीतली उष्णता

सगळ्यात जास्त गफलत इथे होते. आरव्ही म्हणजे घर, घरात कुत्रा एकटा राहतो, तर इथेही राहील असं वाटतं. पण ऊन लागलं की आरव्ही हा पत्र्याचा डबाच. बंद मोटारीत बाहेर २२ अंश सेल्सियस असतानाही तासाभरात आतलं तापमान चाळिशीच्या पुढे जातं, आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. खिडकी चार बोटं उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही.

छतावरचा एसी गाडीच्या साध्या बॅटरीवर चालत नाही. त्याला कॅम्पग्राउंडच्या खांबावरची वीज लागते किंवा जनरेटर. जनरेटर यलोस्टोनमध्ये काही ठराविक कॅम्पग्राउंडमध्येच चालतो, तोही सकाळी ८ ते रात्री ८. त्यात वीज गेली किंवा खांबावरचा ब्रेकर पडला तर आत बसलेल्या कुत्र्याला ते सांगता येत नाही. तापमान वाढलं की फोनवर इशारा देणारी यंत्रं मिळतात, पण बरीचशी मोबाइल नेटवर्कवर चालतात आणि यलोस्टोनच्या मोठ्या भागात नेटवर्कच नाही. वेस्ट यलोस्टोन गावात हे यंत्र कामाचं, उद्यानात त्याच्या भरवशावर बसू नका.

यावर एकच खात्रीचा उपाय आहे : पाळी लावणे. पदपथावर अर्धी मंडळी जातील, अर्धी कुत्र्याजवळ सावलीत थांबतील, मग अदलाबदल. आई-बाबा सोबत असले तर हे फार सोपं जातं. बाबांना एकाच जागी बसून बायसन बघण्यात जास्त मजा वाटते असा आमच्या घरचा अनुभव आहे. दोघंच असाल तर झऱ्यांचा दिवस वेगळा काढा आणि त्या दिवशी कुत्र्याला गावातल्या पाळणाघरात ठेवा. लसीचं प्रमाणपत्र तिथेही मागतात. उरलेले दिवस हेडन आणि लामार खोऱ्यांत घालवा. तिथली जनावरं बघायला गाडीतून उतरावंच लागत नाही.

रात्री चित्र उलटं. जुलैतही तलावाकाठी पारा शून्याच्या जवळ येऊ शकतो. हीटरचा पंखा बॅटरीवर चालतो, म्हणून झोपण्याआधी बॅटरी किती भरली आहे ते बघा. कुत्र्याचं अंथरूण थंड लादीवर न ठेवता दोन घड्या घालून वर उचला.

पायरी ६ : दार उघडण्याआधी दोरी

हा नियम घरातल्या लहान मुलापासून सगळ्यांच्या अंगवळणी पडला पाहिजे. क्रम असा : कुत्रा आत बसलेला, पट्ट्याला दोरी अडकवली, दोरीचं दुसरं टोक मोठ्या माणसाच्या मनगटात, मग दार. आरव्हीची पायरी बाहेर सरकताना आवाज करते. तो आवाज म्हणजे बाहेर जायची वेळ, हे कुत्रा दोन दिवसांत शिकतो आणि फट दिसली की उडी घेतो.

यलोस्टोनमध्ये १९८१ साली एका तरुणाच्या मित्राचा कुत्रा वाहनतळावरच्या गाडीतून निसटून सेलेस्टीन पूल नावाच्या गरम कुंडात पडला. पाणी ९४ अंशांच्या आसपास होतं. कुत्र्याला काढायला त्या तरुणाने त्यात सूर मारला. कुत्राही गेला आणि तो तरुणही. निळंशार, निवळ पाणी बघून आपल्या डोळ्यांचीही फसवणूक होते, तिथे कुत्र्याला काय कळणार? कुत्रा कुंडात पडलाच तर माणसाने आत उतरायचं नाही, हे मुलांना सहलीच्या आधीच सांगून ठेवा.

पायरी ७ : तलावाकाठी

पाणी दिसलं की लॅब्राडोर थांबत नाही. पण उतरवण्याआधी काठाचं पाणी बघा. हिरवट तवंग, वाटाण्याच्या सारासारखा रंग किंवा सांडलेल्या रंगासारखे पट्टे दिसले तर ती निळी-हिरवी शेवाळं असू शकतात. त्यांचं विष कुत्र्याला काही तासांत मारू शकतं. कुत्रा पोहताना पाणी गिळतो, वर येऊन अंग चाटतो, त्यामुळे धोका दुहेरी. हेब्गेनसारख्या तलावांत उन्हाळ्याच्या उत्तरार्धात हे दिसतं. काठावर सूचनाफलक असेल तर नीट वाचा. ओढ्याचं पाणीही पिऊ देऊ नका, जिआर्डिया या परजीवीने जुलाब लागतात आणि आरव्हीत जुलाब लागलेला कुत्रा म्हणजे काय ते सांगायला नको. फ्लॅटहेड तलावाकाठच्या राज्य उद्यानांत दोरीवर कुत्रा चालतो, मात्र पोहण्यासाठी राखलेल्या किनाऱ्यापासून त्याला लांबच ठेवा.

पाण्यातून आल्यावर पंजांच्या बेचक्या आणि कान तपासा. उन्हाळा सरत आला की सुकलेल्या गवताची कुसळं आत शिरतात आणि पुढेपुढेच जातात. कुत्रा एकाच पंजाला सारखा चाटत असेल तर थांबू नका, पशुवैद्य गाठा.

पायरी ८ : अस्वल, मूस आणि चिवडा

हा ग्रिझली अस्वलांचा मुलूख आहे. अस्वल आणि लांडग्यांपासून १०० यार्ड, बायसन आणि एल्क-मूस या मोठ्या हरणांपासून २५ यार्ड हे अंतर उद्यानाच्या नियमात आहे. कुत्रा सोबत असेल तर त्यात आपणहून भर घाला. सुटा कुत्रा अस्वलावर भुंकतो आणि मग जीव घेऊन तुमच्याकडेच पळत येतो, मागे अस्वल. मूसच्या लेखी कुत्रा म्हणजे लांडगाच; मान खाली, कान मागे दिसले की गाडीच्या किंवा झाडाच्या आड व्हा. अस्वलाला पिटाळणारा बेअर स्प्रे तुमच्या कमरेच्या पट्ट्याला लावलेला हवा, बॅगेच्या तळाशी नको.

कुत्र्याचं खाणं, रिकामं भांडंसुद्धा, बाहेर ठेवायचं नाही. वनखात्याच्या भागातही हा नियमच आहे.

आणि आपलं खाणं? आरव्हीत सगळं कुत्र्याच्या नाकाच्या उंचीवर असतं. चिवड्यातले मनुके, लाडवातले बेदाणे मूत्रपिंडाला घातक. कांदा-लसूण रक्ताला वाईट, म्हणजे उरलेल्या रश्श्यात कालवलेली पोळीही नाही. साखरविरहित च्युइंगममधला झायलिटॉल तर थोडासाही पुरे. डबे वरच्या कपाटात आणि कपाटाची कडी लावलेली. वळणावर कपाट उघडून चिवडा खाली सांडला की तो गोळा करायला तुमच्या आधी दुसरंच कोणीतरी पोचतं.

पायरी ९ : गाडी परत देताना

शेवटच्या मुक्कामी डम्प स्टेशनवर, म्हणजे सांडपाणी सोडायच्या जागी, आधी ब्लॅक टँक (शौचालयाचा), मग ग्रे टँक (न्हाणी-मोरीच्या पाण्याचा) रिकामा करा, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुतली जाते. कुत्र्याची विष्ठा मात्र टँकमध्ये टाकायची नाही, पिशवीतून कचऱ्यातच. केस काढायला रबरी हातमोजा ओला करून गाद्यांवरून एकाच दिशेने फिरवा. हीटरच्या जाळ्या आणि एसीचं फिल्टर विसरू नका, केसांचे पैसे कापायला मालक नेमके तिथे बघतात. मग आतले फोटो काढून, त्यावर तारीख-वेळ येते ना ते बघून, किल्ली द्या.