मुलाखतीआधी कंपनीची माहिती काढताय? या चुका टाळा

छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजच्या एका कंपनीत मुलाखतीला गेलो तेव्हा तिची वेबसाइट मी पाठ करून गेलो होतो. स्थापना कधी, मालक कोण, माल कोणकोणत्या देशांत जातो, सगळं. साहेबांनी विचारलं, "इथं, या प्लांटला काय बनतं?" मी धडाधड ब्रेकचे पार्ट सांगितले. ते चाकणला बनायचे. वाळूजला नुसतं प्रेसकाम. पुढची दहा मिनिटं मी पाणीच पीत होतो.

कंपनी वाचायची आणि प्लांट विसरायचा, ही आपल्याकडची पहिली चूक. हेड ऑफिस पुण्या-मुंबईला, इथं फक्त एक युनिट, असा मामला बऱ्याच ठिकाणी असतो. वाळूजला 1985 साली बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवती पार्ट पुरवणारे छोटे-मोठे व्हेंडर उभे राहिले. अशा ठिकाणी आधी विचारा, माल कुणाला जातो? कारण त्या गिऱ्हाइकाची लाइन थांबली की व्हेंडरचा ओव्हरटाइमही थांबतो. जालन्यात आणखी वेगळं. तिथं स्टील आणि बियाणं. बियाण्याच्या कंपनीत सेल्सला जाणार असाल आणि खरिपाआधीच्या दोन-तीन महिन्यांत किती फिरावं लागतं हे माहीत नसेल, तर समोरच्याला लगेच कळतं.

दुसरी चूक नावाची. एकसारख्या नावाच्या दोन-तीन कंपन्या सहज सापडतात. कंपनीच्या लेटरहेडवर 21 अक्षर-आकड्यांचा सीआयएन, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक असतो, तो घेऊन कंपनी मंत्रालयाच्या साइटवर शोधा. पहिलं अक्षर एल असेल तर शेअर बाजारात नोंदलेली, यू असेल तर नाही. मधे चार आकडी नोंदणीचं वर्षही असतं. मात्र तिथं नाव नाही म्हणजे फसवणूक, असं लगेच धरू नका. चिकलठाण्यातली कितीतरी वर्कशॉप एकट्या मालकाच्या नावावर किंवा भागीदारीत चालतात, ती तिथं दिसणारच नाहीत. त्यांचा जीएसटी नंबर तपासा. महाराष्ट्राचा असेल तर 27 नं सुरू होतो, आणि नोंदणी चालू आहे की रद्द तेही दिसतं.

तिसरी चूक सगळ्यांत महाग पडते. गेटवर पाटी एकाची, पगार दुसऱ्याचा. घरी सांगायला मोठ्या कंपनीचं नाव असतं, पण तुम्ही प्रत्यक्षात कॉन्ट्रॅक्टरच्या रोलवर असता. फोन येतो तेव्हाच सरळ विचारा, "पगार आणि पीएफ कुणाच्या नावानं होणार?" त्यात लाजण्यासारखं काही नाही. मग ते नाव ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या साइटवर शोधा. कोणत्या महिन्याचा पीएफ कधी भरला आणि किती माणसांचा भरला, हे तिथं कुणालाही बघता येतं. महिने रखडलेले दिसले तर पगाराचंही तसंच असेल, असं मी तरी समजतो.

चौथी चूक, एकाच माणसाचं ऐकणं. भांडून सोडून गेलेला मित्र कंपनीला शिव्याच घालणार, आणि "आत आपला माणूस आहे" म्हणणारा मामा सगळं गोडच सांगणार. शिफ्ट सुटायच्या वेळी गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर अर्धा तास बसा. पगार किती तारखेला होतो, ओव्हरटाइमला कायद्याप्रमाणे दुप्पट मिळतात का, बस कुठून सुटते, एवढं तिघा-चौघांना विचारा. येण्याजाण्याचा हिशोबही तिथंच होतो. वाळूज नगर रोडला, शेंद्रा जालना रोडला, म्हणजे शहराची दोन टोकं. बीड-परभणीहून सकाळच्या एसटीनं येणाऱ्यांची इथंच फसगत होते.

जॉइनिंगआधी डिपॉझिट, ट्रेनिंग फी, ड्रेसचे पैसे मागितले तर पुढची चौकशीच करू नका.

काढलेली माहिती मुलाखतीत ओकू नका. दुसऱ्यांदा मी शेंद्र्याला गेलो, तेव्हा टपरीवर एवढंच कळलं होतं की आत नवी पेंट लाइन बसतेय. शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय का?" आलं, तेव्हा मी त्या लाइनवर माणसं नवी घेणार की जुनीच वळवणार, हे विचारलं. साहेबांनी माझी फाइल मिटली आणि वीस मिनिटं पेंट लाइनबद्दलच बोलत राहिले.