आर५० की झेडव्ही-ई१०? पहिला मिररलेस कॅमेरा घेताना आणि वापरताना या चुका टाळा

"दादा, कॅननचा आर५० घेऊ की सोनीचा झेडव्ही-ई१०?" हा प्रश्न कुणी विचारला की मी आधी उलट विचारतो: फोटो काढताना तुम्ही उभे कुठे असणार? मंगल कार्यालयात, पक्षी बघायला भिगवणच्या होडीत, की घरात स्वतःच कॅमेऱ्यासमोर? बहुतेक जण गोंधळतात, कारण त्यांनी दोन्ही कॅमेऱ्यांच्या वैशिष्ट्यांचे तक्ते पाठ केलेले असतात, पण या प्रश्नाचा विचार केलेला नसतो. पुढच्या जवळजवळ सगळ्या चुका तिथूनच सुरू होतात.

तक्ता शेजारी ठेवून निवड करणं

कागदावर हे दोघे जुळे भाऊ वाटतात. दोन्हींत २४.२ मेगापिक्सेलचा एपीएस-सी (फुल-फ्रेमहून लहान आकाराचा) सेन्सर आहे आणि कार्डाचा एकच खाचा आहे. हाताचा कंप सावरणारी यंत्रणा दोन्हींच्या बॉडीत नाही, ते काम लेन्सवर सोडलेलं आहे. वजन बॅटरी-कार्डासह आर५०चं ३७५ ग्रॅम, झेडव्ही-ई१०चं ३४३ ग्रॅम. सोनी जुलै २०२१मध्ये आला, कॅनन फेब्रुवारी २०२३मध्ये. या आकड्यांवरून वाद घालत बसलात तर निकाल कधीच लागणार नाही.

खरा फरक आकड्यांत दिसत नाही. आर५०ला डोळा लावायला व्ह्यूफाइंडर आहे, झेडव्ही-ई१०ला नाही. झेडव्ही-ई१०ला हेडफोन लावता येतो, आर५०ला येत नाही. आर५०मध्ये छोटा फ्लॅश आहे, सोनीत अजिबात नाही. म्हणजे एक कॅमेरा डोळ्याला लावून बघणाऱ्यासाठी बनवलाय आणि दुसरा कॅमेऱ्याकडे बघून बोलणाऱ्यासाठी. हे लक्षात घेतलं की निम्मी निवड झालीच.

पक्ष्यांसाठी झेडव्ही-ई१० घेणं

ही चूक मला फार लागते, कारण नंतर ती सेटिंग बदलून सुधारता येत नाही.

उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) बघायला गेलात की होडी सतत डुलत असते. ट्रायपॉडचा तिथे उपयोग नाही. कॅमेरा स्थिर राहतो तो दोन हात आणि कपाळ अशा तीन टेकूंमुळे. व्ह्यूफाइंडर नसेल तर लांब लेन्स लावलेला कॅमेरा हात पुढे करून धरावा लागतो. वर ऊन असतं, पाण्याची चमक असते, स्क्रीनवर पक्षी कुठे आहे हेच कळत नाही. शिवाय आर५०चा ऑटोफोकस पक्षी ओळखून त्याचा माग घेतो. झेडव्ही-ई१० फोटो काढताना प्राण्यांचे डोळे ओळखतो, पण पक्ष्यांसाठीची खास ओळख त्यात नाही.

मात्र आर५० घेतला म्हणजे काम झालं, असंही नाही. कॅमेऱ्यासोबत किटमध्ये मिळणारी ५५-२१० लेन्स पक्ष्यांना अपुरी पडते. कॅननचा क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरमुळे लेन्सची पोच वाढल्यासारखी वाटते ते प्रमाण, १.६ धरला तरी तिची पोच ३३६ मिमीइतकीच होते. त्याच कॅननची आरएफ १००-४०० लेन्स ६३५ ग्रॅमची आहे आणि आर५०वर ती ६४० मिमीसारखी वागते. टोकाला तिचं छिद्र, म्हणजे प्रकाश आत येण्याची वाट, एफ/८ असतं (एफपुढचा आकडा मोठा तितका प्रकाश कमी), म्हणून ती सकाळच्या स्वच्छ उन्हाची लेन्स आहे, संध्याकाळच्या जंगलाची नव्हे. सोनी आधीच घरात असेल तर ७०-३५० जी लेन्स उत्तम आहे. तेव्हा कॅमेरा विकायची घाई करू नका.

पक्ष्यांचे फोटो मऊ येतात, लेन्स बिघडली आहे का, असंही बरेच जण विचारतात. आधी वेळ बघा. दहा-अकरानंतर पाण्यावरची हवा तापून लहरू लागते आणि त्या लहरींतून काढलेला लांबचा फोटो कोणत्याही लेन्सवर मऊच येतो. मग शटर, म्हणजे फोटो टिपायला लागणारा वेळ, बघा. उडत्या पक्ष्याला किमान १/१००० सेकंद हवा, त्याहून वेगवान मिळाला तर चांगलंच. हे दोन्ही ठीक असून पंधरा फुटांवरची पाटीसुद्धा मऊ दिसली, तरच लेन्सवर शंका घ्या.

मंगल कार्यालयात किट लेन्स नेऊन कॅमेऱ्याला नावं ठेवणं

"मोबाइलचे फोटो बरे आले" ही तक्रार बहुतेक वेळा लग्नानंतर येते.

कारण साधं आहे. आर५०ची १८-४५ लेन्स पूर्ण झूम केली की तिचं छिद्र एफ/६.३ होतं. सोनीची १६-५० एफ/५.६वर थांबते. बाहेर उन्हात दोन्ही छान. कार्यालयात, स्टेजवर दिवे आणि बाकी हॉल अंधारा असताना, कॅमेरा एकतर आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) वाढवतो किंवा शटर मंद करतो. पहिल्याने दाणे येतात, दुसऱ्याने माणसं हलतात.

हिशेब करून बघा. एफ/६.३ऐवजी एफ/१.८ची लेन्स लावली तर सुमारे बारापट प्रकाश आत येतो. जिथे १२८०० आयएसओ लागत होता, तिथे हजाराच्या आसपास भागतं. कॅननची आरएफ ५० मिमी एफ/१.८ फक्त १६० ग्रॅमची आहे आणि अंतरपाट दूर होतानाचे चेहरे टिपायला तिच्याइतकी साधी, गुणी लेन्स दुसरी नाही. पण घरातल्या बारशाला किंवा डोहाळजेवणाला तीच लेन्स नेलीत तर भिंतीला पाठ लागेल. क्रॉपमुळे ती ८० मिमीसारखी होते आणि दहा बाय बाराच्या खोलीत मागे सरकायला जागाच नसते. तिथे ३०च्या आसपासची लेन्स हवी. सोनीवर सिग्माची ३० मिमी एफ/१.४ ही बरीच वर्षं अनेकांची पहिली पसंती आहे.

इथे एक जुना समज दूर करायला हवा. "कॅननला दुसऱ्या कंपन्यांच्या लेन्स नाहीत" हे वाक्य अजूनही सर्रास ऐकू येतं. एप्रिल २०२४मध्ये सिग्मा आणि टॅमरॉन या दोघांनी आरएफ माउंटच्या, म्हणजे कॅननच्या या कॅमेऱ्यांवर बसणाऱ्या, एपीएस-सी लेन्स जाहीर केल्या. सिग्माची १८-५० एफ/२.८ आता कॅननवरही मिळते. सोनीकडे अजूनही पर्याय जास्त आहेत, वापरलेल्या लेन्सचा बाजारही मोठा आहे, पण दरी पूर्वीइतकी राहिलेली नाही. सल्ला देणाऱ्याने तो २०२३च्या माहितीवर दिलाय का, एवढं विचारा.

आणि लेन्सवर "आयएस" किंवा "ओएसएस" लिहिलंय म्हणून हलणारं मूल स्पष्ट येईल, असं समजू नका. ती यंत्रणा तुमचा हात सावरते, समोरच्याला थांबवत नाही. शटर स्वतः ठरवता येणाऱ्या शटर प्रायॉरिटी मोडवर जा, विधी चालू असताना १/१२५, मुलं पळत असताना १/२५० किंवा अधिक ठेवा आणि आयएसओ ऑटोवर सोडा. थोडे दाणे आलेला स्पष्ट फोटो अल्बममध्ये छापता येतो, हललेला येत नाही.

फ्लॅश आणताना कॅमेऱ्याची वरची बाजू न बघणं

आर५०वर जुना फ्लॅश बसवला आणि तो पेटलाच नाही, की कॅमेरा बिघडल्याची शंका येते. बिघाड नसतो. आर५०च्या शूमध्ये, म्हणजे वर फ्लॅश बसवायच्या खाचेत, नव्या पद्धतीचे संपर्कबिंदू आहेत, जुने नाहीत. जुन्या पद्धतीच्या फ्लॅशसाठी कॅननचा एडी-ई१ हा अडॅप्टर मध्ये घ्यावा लागतो. दिवे दुरून पेटवणाऱ्या रेडिओ ट्रिगरनाही हेच लागू. स्टुडिओचे दिवे वापरून दागिने, पैठण्या किंवा पदार्थांचे फोटो काढायचे असतील तर हा खर्च पहिल्या दिवशीच धरा. झेडव्ही-ई१०चा शू नेहमीचे फ्लॅश घेतो, फक्त ते सोनीसाठी बनलेले असावेत, नाहीतर सगळं हाताने ठरवावं लागतं.

व्हिडिओत पट्ट्या आणि अचानक अरुंद झालेली चौकट

गेल्या गणपतीत घरच्या आरतीचं चित्रीकरण मी पुन्हा बघायला घेतलं, तर पूर्ण चौकटीवर वरून खाली सरकणाऱ्या काळसर पट्ट्या. आजीचा शेवटचा गणपती होता तो. दुसऱ्यांदा आरती होणार नव्हती. त्यामुळे हे कळकळीने सांगतो.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. ट्यूब आणि स्वस्त एलईडी दिवे तिच्या तालावर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. कॅमेरा एनटीएससीवर (६० हर्ट्झ विजेसाठीची व्हिडिओ पद्धत) असेल तर व्हिडिओ ३० किंवा ६० फ्रेमवर चालतो आणि त्यासोबत जोडीचा शटर १/६० ठेवला की लुकलुक आणि शटर यांचा ताल जुळत नाही. मेनूत जाऊन पाल (५० हर्ट्झसाठीची पद्धत) निवडा, २५ किंवा ५० फ्रेम घ्या आणि शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. पट्ट्या जातात. सोनीवर पाल आणि एनटीएससी बदलताना कार्ड फॉरमॅट करावं लागतं, म्हणून हे कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी करा, दारात उभं राहून नको.

सोनीवाल्यांना याचा आणखी एक फायदा आहे, जो फारसा कुणी सांगत नाही. झेडव्ही-ई१० ४के ३० फ्रेमवर चित्र १.२३ पट कापतो. ४के २५वर कापत नाही. म्हणजे पाल निवडलं की पट्ट्याही जातात आणि चौकटही पूर्ण मिळते. हातात कॅमेरा धरून स्वतःचा व्हिडिओ काढताना चेहरा अख्खी चौकट भरतो, ही तक्रार निम्मी इथेच मिटते. उरलेली निम्मी ॲक्टिव्ह स्टॅबिलायझेशनमुळे असते. तेही चित्र कापूनच स्थिर करतं. उभं राहून बोलायचं असेल तर ते बंद ठेवा. आर५० ४के ३०लासुद्धा पूर्ण रुंदी वापरतो, पण त्याची किट लेन्स १८ मिमीपासून सुरू होते, सोनीची १६पासून. हाताच्या अंतरावरून बोलणाऱ्याला हा फरक जाणवतो.

लांबलचक कीर्तन, व्याख्यान, नाटकाची तालीम

आर५०चं एक सलग चित्रीकरण एका तासाला थांबतं. तासाच्या आत टाळ्या किंवा विराम बघून स्वतः थांबवा आणि पुन्हा सुरू करा. झेडव्ही-ई१०ला अशी मर्यादा नाही, पण तो तापून बंद पडल्याच्या तक्रारी येतात. बऱ्याचदा कारण मेनूतलं असतं: तापमानानुसार बंद होण्याची मर्यादा मुळात "स्टँडर्ड"वर असते. ती "हाय" करा, स्क्रीन बॉडीपासून दूर उघडून ठेवा आणि ट्रायपॉडवर ऊन येऊ देऊ नका. हाय केल्यावर तापलेला कॅमेरा हातात धरू नका, एवढी काळजी घ्या.

कार्डाचा हिशेबही आधी करा. सोनीचं ४के १०० एमबीपीएसवर चित्रीकरण तासाला सुमारे ४५ जीबी खातं आणि त्यासाठी यू३ ही वेगाची खूण असलेलं कार्ड लागतं. खूण नसलेल्या कार्डावर कॅमेरा ती पातळी वापरू देत नाही.

आवाजाबद्दल: झेडव्ही-ई१०सोबत केसाळ वारारोधक मिळतो, तो गडावर फार कामाचा आहे. पण दहा फुटांवरच्या कीर्तनकाराचा आवाज कॅमेऱ्यावरच्या माइकने चांगला येणार नाही, कोणत्याच कॅमेऱ्याने नाही. कॉलरचा माइक लावा. आर५०वर ऐकून बघायला हेडफोनची सोय नाही, म्हणून आधी दहा सेकंद रेकॉर्ड करून ऐका.

झेडव्ही-ई१०वर फोकस चेहऱ्यावरून उडून हातातल्या वस्तूवर जात असेल तर "प्रॉडक्ट शोकेस" चुकून चालू राहिलंय का बघा. ते वस्तू दाखवण्यासाठीच आहे.

वेगाच्या आकड्यावर भुलणं

आर५०च्या जाहिरातीतला १५ फ्रेमचा वेग इलेक्ट्रॉनिक शटरचा आहे. त्यात क्रिकेटची बॅट वाकडी दिसते आणि हॉलच्या दिव्यांत पट्ट्या येतात. लेझीम, कबड्डी, क्रिकेट यांसाठी १२ फ्रेमचा नेहमीचा पर्याय ठेवा. रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मोठ्या फाइलमध्ये) काढाल तर सात-आठ फोटोंतच कॅमेरा धापा टाकतो. अशा वेळी जेपीईजी घ्या आणि चढाई सुरू झाल्यावर बटण दाबा, आधीपासून दाबून ठेवू नका. झेडव्ही-ई१० सेकंदाला ११ काढतो आणि रॉमध्ये बराच जास्त वेळ टिकतो. पण व्ह्यूफाइंडर नसल्यामुळे पळणारा खेळाडू चौकटीत धरणंच अवघड जातं.

पावसाळा

दोन्ही कॅमेरे पाण्यापुढे टिकणारे नाहीत. रबरी सील कुणालाच नाही. हरिश्चंद्रगडाच्या धुक्यात नेणार असाल तर प्लॅस्टिकची पिशवी लेन्सभोवती रबरबँडने बांधा आणि लेन्स बदलायचा मोह आवरा. एसी गाडीतून थेट ओल्या हवेत कॅमेरा बाहेर काढला की काचेवर वाफ धरते. पुसू नका. बंद बॅगेतच वीस-तीस मिनिटं राहू द्या. कोकणात आणि मुंबईत लेन्समध्ये बुरशी धरते ती कपाटातल्या चामड्याच्या पिशवीत. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत एक छोटा आर्द्रतामापक ठेवा, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मधे राहू द्या. जेलचा रंग बदलला की ती वाळवून घ्या.

दुकानात नाव नीट न वाचणं

आर५० आणि आर५० व्ही हे वेगळे कॅमेरे आहेत. व्हीला व्ह्यूफाइंडर नाही. आर१०० त्याहून स्वस्त आहे, पण त्याची स्क्रीन फिरत नाही आणि तिला स्पर्शही कळत नाही. झेडव्ही-ई१० टू जुलै २०२४मध्ये आला. त्याची बॅटरी मोठी आहे, जुनी एनपी-एफडब्ल्यू५० त्याला बसत नाही आणि त्यात यांत्रिक शटरच नाही. बिलावर पूर्ण नाव, सिरीयल नंबर आणि भारतातली वॉरंटी लिहून घ्या, मगच पैसे द्या. शक्य झालं तर आपलं कार्ड सोबत न्या, दुकानातल्याच ट्यूबखाली पालवर दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्या, एक फोटो सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्याचा काढा आणि घरी मोठ्या स्क्रीनवर बघा. दुसऱ्या दिवशी जाऊन घेतलात तरी कॅमेरा तिथेच असतो.